भिंतीवरचे भाऊसाहेब

६ जाने., सोम.

पूजा, पोथी वेळेवर. शेजारच्या पाटणकर वहिनींबरोबर मार्केट यार्डात जाऊन कांद्याचं पोतं आणलं, निम्मं निम्मं केलं. खालून हे एकच पिशवी घेऊन आले, तरी जिन्यात दोनदा थांबले. म्हणाले, चपलेचा अंगठा तुटलाय. तुटलेला नाही. मी पाहिला.

आजपासून साडेसातला नवी मालिका. धाकट्या भाऊजींचा निनाद मुंबईला मालिकांचे सेट सजवायच्या कामात आहे. त्याची ही पहिली मोठी मालिका, म्हणून शिरा केला, वहिनींनाही बोलावलं. मोठं घर, झुंबर, रुंद जिना. दिवाणखान्याच्या भिंतीवर वारलेल्या कर्त्या पुरुषाचा फोटो. फेटा, चंदनाचा हार, खाली समई. घरातली सून येऊन नमस्कार करते, म्हणते, "भाऊसाहेब, आज तुम्ही असायला हवे होतात."

फोटो ह्यांचा.

आमच्या मीनलच्या लग्नातला. फेट्याचा रंग मी पसंत केलेला.

वहिनींचा चमचा तोंडापाशीच थांबला. हे म्हणाले, "फोटो बरा आलाय." आणि अजून थोडा शिरा मागितला.

७ जाने., मंगळ.

झोप नाही. सकाळी उलटतपासणी. दिवाळीत निनाद आला होता तेव्हाच दोघांचं ठरलेलं. ह्यांनी कागदावर सहीसुद्धा केली.

"मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं!"

"म्हणूनच नाही विचारलं."

ह्यांच्या हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं गणपतीत नाटकं झाली. तीसही वर्षं हे विंगेत, हातात वही, दुसऱ्यांना वाक्यं सांगायला. सगळ्यांचं सगळं पाठ. कुणी कधी म्हटलं नाही, या वर्षी तुम्ही उभे राहा. घरी आल्यावर भाकरी खाता खाता राजाचं भाषण म्हणून दाखवायचे, मी आणि मीनल प्रेक्षक. ते आठवलं, म्हणून पुढे बोलले नाही. पण म्हणून हार?

८ जाने., बुध.

निनादला फोन.

"काकू, काका काय दिसतात स्क्रीनवर! डायरेक्टर म्हणाले, चेहऱ्यावर घराणं आहे."

"अरे, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

"मेलेल्या माणसाचा फोटो वापरला तर त्यांच्या घरच्यांना वाईट वाटतं, काकू."

हार तरी खरा का, विचारलं. प्लास्टिकचा. एकदा आणला, रोज झटकून वापरतात. एरवी मी हे चांगलंच म्हटलं असतं.

११ जाने., शनि.

नातेवाइकांचे फोन सुरू. कोल्हापूरच्या मावशींनी आधी मीनलला हळू आवाजात विचारलं, "कधी झालं गं?" मीनल हिंजवडीहून ऑफिसच्या बसमधून मला फोन करून हसत होती. "आई, चिल. बाबा फेमस झालेत." मला हसू आलं नाही. नंतर एकटीच असताना थोडं आलं.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

तिळगूळ, गुळपोळ्या अठरा. हे भाजीला गेले तर भाजीवाल्याने "भाऊसाहेब, या" म्हणून कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. दिवसभर तेच सांगतायत. "जिवंतपणी त्याने मला कधी मिरचीपण फुकट दिली नाही."

असलं सणाच्या दिवशी बोलू नका म्हटलं. तरी कोथिंबीर वड्यांना वापरली.

१७ जाने., शुक्र. संकष्टी

देवळात गुरुजी भेटले. सगळं सांगितलं. म्हणाले, "वहिनी, माणूस गेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. शास्त्रात आहे असं नाही, पण जुने लोक म्हणतात."

"आणि रोज साडेसातला उठली तर?"

गुरुजींनी जरा विचार केला. "रोजचं मला ठाऊक नाही."

चंद्रोदयाला उपास सोडला. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं, ह्यांच्या नावाने.

१९ जाने., रवि.

सोसायटीच्या सभागृहात हळदीकुंकू. सी बिल्डिंगमधल्या नवीन आलेल्या बाई करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावत आल्या, माझ्यापुढे थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, बोट करंड्यातच. हळूच म्हणाल्या, "तुमचे मिस्टर... ते साडेसातच्या मालिकेत..." आणि शेजारच्या बाईकडे वळायला लागल्या.

पाटणकर वहिनी लांबूनच म्हणाल्या, "अहो, ते घरी पेपर वाचतायत. लावा कुंकू. का त्यांना इथे बोलावून घेऊ, खात्रीला?"

सगळ्या हसल्या. त्या बाई बिचाऱ्या लाल झाल्या. कुंकू जरा जास्तच लावलं मला. मीही हसले. वाण चहाची गाळणी.

घरी आले तर हे खरंच पेपर वाचत होते. काही सांगितलं नाही. कपाळावरचं कुंकू बराच वेळ तसंच ठेवलं.

२३ जाने., गुरु.

तीन दिवस लिहिलं नाही. सोमवारी जिन्यात खालीच बसले हे. घाम, छातीत जड. मीनल आली, गाडी, हॉस्पिटल, तपासण्या. आज डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या नळ्या तीन ठिकाणी बंद. बायपास करावी लागेल. औषधं चालू, तोवर जपायचं. तारीख १३ फेब्रु., गुरुवार.

हे डॉक्टरांना म्हणाले, "कात्रजला रस्त्याचा केला तेव्हा आम्ही विरोध केला होता. नंतर सवय झाली."

डॉक्टर हसले. मीनल हसली. मी रिपोर्टांची पिशवी घट्ट धरून बसले.

आता तो हार उतरला पाहिजे. बाकी मला काही कळत नाही.

२५ जाने., शनि. एकादशी

निनाद काकांना बघायला आला. पाया पडला तेव्हा डोळ्यांत पाणी. त्याला स्वयंपाकघरात घेतलं, साबुदाण्याची खिचडी दिली, सांगितलं, काकांना छातीवर हार घेऊन ऑपरेशनला जाऊ देणार नाही मी. तेरा तारखेला हार नको. एक दिवस.

तो म्हणाला, "काकू, टीव्हीवर त्या दिवशी जे दिसणार ते आधीच शूट झालेलं असतं. भाग साठवून ठेवतात, त्याला बँक म्हणतात. सध्या दोन आठवड्यांची आहे."

साठवण मला कळते. पण मग दिवस कुठला धरायचा? हार प्रत्यक्ष घातलेला असतो तो, का लोकांना दिसतो तो? खिचडी गार होईपर्यंत विचार केला. देव काही टीव्ही लावून बसत नाही. जिथे फोटो टांगलाय तिथे, त्या दिवशी, गळा मोकळा हवा. ठरलं.

निनाद म्हणे ते त्याच्या हातात नाही, डायरेक्टरच्या आहे.

"मग मी विचारते त्यांना."

"तुम्ही? मुंबईला येऊन?"

"का? मला बस सापडत नाही?"

३१ जाने., शुक्र.

काल मुंबई. ह्यांना सांगितलं मीनलकडे जाते, परीक्षेच्या दिवसात नातवाला खायला करून घालायचंय. मीनलला सांगून ठेवलं होतं, माझ्या जागी ती इथे ह्यांच्याजवळ येऊन बसली, घरूनच काम. खोटं बोलले. देवापुढे कबूल केलं आहे.

पहाटेची बस, निनाद स्टँडवर घ्यायला. गोरेगावच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या मोठ्या शेड. बाहेरून गोदामच. आत दार उघडलं तर आपलं साडेसातचं घर! झुंबर, जिना, सगळं. फक्त वर बघितलं तर छप्पर नाही, दिवेच दिवे टांगलेले. जिना वर जाऊन भिंतीला लागतो. स्वयंपाकघरात शेगडीला नळी नाही.

आणि समोर हे. टीव्हीत दिसतात त्याहून फोटो मोठा. फ्रेम भारी. काच लख्ख.

सेटवर चहापाणी बघणारे मोहनदादा रोज सकाळी आल्या आल्या ती काच पुसतात, मग बाकीची कामं. सुनेचं काम करणारी मुलगी गाऊनवर, केसांत रोलर लावून आली आणि फोटोला हात जोडून म्हणाली, "भाऊसाहेब, आज तरी आठला सोडायला लावा." दिवे लावणारा मुलगा वरून ओरडला, "भाऊसाहेब नाही म्हणाले!" सगळे हसले. कुणाची सुट्टी अडली, कुणाचं भांडण झालं, की म्हणतात, भाऊसाहेबांना विचारा. ह्यांना इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी कोण ते निनादने सांगितल्यावर त्या मुलीने पटकन वाकून नमस्कार केला. रोलरसकट.

डायरेक्टर तरुण, टोपीवाला. ऐकून घेतलं त्याने, ते खरं. पण म्हणाला, "मॅडम, हार काढला तर लगेच पब्लिक विचारतं. नाही जमणार. सॉरी." त्याला पुढचा शॉट होता.

दुपारनंतर फोटोपुढे चौरंग मांडला, त्यावर नैवेद्याचं ताट. मी खुर्चीत कोपऱ्यात. ताट बघितलं आणि राहवेना. भाजी डावीकडे, कोशिंबीर उजवीकडे, पापड भातावर पडलेला, मीठ नाहीच.

"असं ताट कोण वाढतं?" मोठ्यानेच म्हटलं.

निनाद म्हणाला, "काकू, शू..." पण डायरेक्टर म्हणाला, "त्यांना येतंय ना, मग करू दे. लोक चुका काढतात नंतर."

बसले. पाण्याने चौकोन काढला. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. भाताची मूद, वरण, वर तूप. तूप खोटं होतं, काहीतरी पिवळं, तरी नीट सोडलं. तुळशीचं पान ठेवलं. सवयीने हात जोडले आणि वर पाहिलं.

भिंतीवर हे.

जवळ उभ्या माणसाला विचारलं, आज काय आहे ह्या सीनमध्ये? म्हणाला, "भाऊसाहेबांची पुण्यतिथी."

मी माझ्या हाताने. नीट. लिंबासकट.

चौरंगापासून मागे सरकले. भाऊसाहेबांच्या विधवेचं, माईंचं काम करणाऱ्या बाईंनी मला हाताला धरून त्यांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. माझ्याच वयाच्या. कपाळ मोकळं, फिकं लुगडं, म्हणून त्यांच्याकडे बघवेना. त्या म्हणाल्या, "ताई, माझे मिस्टर घरी आहेत, रिटायर्ड. पहिल्या दिवशी मलाही जड गेलं. हे बघा." पदर बाजूला केला. ब्लाउजच्या आतल्या बाजूला मंगळसूत्र, सेफ्टी पिनेने लावलेलं. "कुंकू पुसते, तो मेकअप. हे काढत नाही. पदराखाली कॅमेरा जात नाही."

किती वेळ दोघी बसलो. एका फोटोच्या दोघी बायका. त्यांना तेरा तारखेचं सांगितलं.

म्हणाल्या, "तेरा ना? बघते मी."

४ फेब्रु., मंगळ. रथसप्तमी

अंगणात नाही, गॅलरीत दूध उतू घातलं. हे खुर्चीत बसून बघत होते. "जळलं, जळलं," म्हणाले. जळूच द्यायचं असतं.

निनादचा फोन. पुण्यतिथीचा भाग कधी दाखवणार विचारलं. आधी विषय बदलला त्याने. मग म्हणाला, "काकू, तेराला."

दोन आठवडे. बोटांवर मोजता आलं असतं तेव्हाच. मी मीठ शोधत बसले.

१२ फेब्रु., बुध.

हॉस्पिटल. उद्या नेणार. छातीवरचे केस काढले, हे म्हणाले सोललेल्या बटाट्यासारखं वाटतंय.

मनात ठेवून उद्याच्या दिवसाला सामोरं जाता येईना. सगळं सांगितलं. मुंबई, ताट, पुण्यतिथी, उद्याचा टेलिकास्ट. बोलता बोलता रडू आलं.

ह्यांनी चादर सारखी केली. मग म्हणाले, "तू सेट बघून आलीस? मला न नेता?"

"अहो, मी काय सांगतेय..."

"कसा आहे?"

सांगितला. जिना, झुंबर, छप्पर नाही ते.

"आणि माझी जागा?"

"जिन्यासमोर. येता-जाता सगळे बघतात."

समाधान दिसलं चेहऱ्यावर. मग माझा हात हातात घेतला. "ताट बरोबर वाढलंस ना?"

"हो."

"मग झालं. उपाशी तर नाही ठेवलंस."

१४ फेब्रु., शुक्र.

कालचं लिहिते. अक्षर वाईट येतंय.

दोनला आत नेलं. चार-पाच तास म्हणाले होते. सहा झाले, सात झाले. मीनल खाली औषधांच्या रांगेत. मी बाहेरच्या हॉलमध्ये, जपाची माळ. शेजारी फुरसुंगीच्या एक बाई, त्यांच्या मुलाचं ऑपरेशन सकाळीच झालेलं, त्या निवांत. भिंतीवर टीव्ही. साडेसातला त्यांनी कुणाला तरी सांगून तीच मालिका लावली.

चौरंग. माझं ताट. मीठ वर मधोमध.

त्या बाई म्हणाल्या, "ह्यो म्हातारा लई गुणाचा व्हता बघा. सुनंला लेकीवानी बघायचा."

मी म्हटलं, "आहे."

"न्हाई वो. गेलाय त्यो. आज वरीसश्राद्ध हाय न्हवं त्याचं."

"आमचे आहेत ते. आत ऑपरेशन चालू आहे."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ऑपरेशनच्या दाराकडे पाहिलं. तोंडावर पदर घेतला. "अगं बया!" उठल्याच, टीव्ही बंद करा म्हणायला.

मी थांबवलं. का ते सांगता येणार नाही. माई ताटापुढे बसल्या होत्या, मोकळ्या कपाळाने, फोटोकडे बघत रडत होत्या, आणि त्यांचा एक हात पदरावर, छातीपाशी. तिथे काय आहे ते मला माहीत होतं. सगळ्या महाराष्ट्राला दिसत नव्हतं, मला माहीत होतं. तेवढ्यावर मी बसून राहिले. त्या बाईंनी माझा हात धरला तो सोडला नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, त्यांच्या गावच्या देवीचं असावं.

निनादचा मेसेज आला तेव्हाच. "काकू, माईंनी आज सीनमध्ये काच पुसायला हार काढला आणि परत घातलाच नाही. डायरेक्टर चिडलेत. पण आता लाइट बदलला, रीटेक नाही."

पावणेनऊला डॉक्टर बाहेर आले. झालं, म्हणाले. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे.

फुरसुंगीच्या बाईंनी माझी दृष्ट काढली. माझी का, विचारलं तर म्हणाल्या, "त्येंची आत जाऊन काडता येत न्हाई."

१७ फेब्रु., सोम.

नळ्या निघाल्या. पहिलं वाक्य, "टीआरपी कसा आहे?" सिस्टरला वाटलं बी.पी. विचारतायत. एकशे तीस सांगितला. खूश झाले.

कालची संकष्टी हॉस्पिटलातच सोडली. पाटणकर वहिनींनी डब्यात मोदक पाठवले.

२२ फेब्रु., शनि.

घरी आणलं. जिना खुर्चीवर बसवून. खाली चार जण, वर भाजीवाला. वेळच्या वेळी गोळ्या, मिठाला बंदी. छातीशी उशी धरून खोकायचं, हसायचं. हसू येतं तेव्हा उशी शोधतात. म्हणून उशीला नाडी लावली, गळ्यात अडकवायला. लगेच काढून टाकली. गळ्यात काही नको.

२७ फेब्रु., गुरु.

तो भाग आला आज. मीही बसले, पहिल्यापासून आज प्रथमच नीट.

माई स्टुलावर चढतात, हार काढतात, पदराने काच पुसतात. हळूहळू. एकदा, परत एकदा. मग खाली उतरतात आणि हार कोनाड्यात ठेवून निघून जातात. भिंतीवर हे एकटे. गळा मोकळा. फेटा किती छान दिसतो, हारामुळे इतके दिवस कळलंच नव्हतं.

जाहिराती लागल्या. हे म्हणाले, "तेरा तारीख ना ती?"

"हो."

उशी धरली. खोकले नाहीत, हसले नाहीत. नुसती धरली.

१ मार्च, शनि.

निनादचा फोन. आधी बोलणी बसली त्याला. पण लोकांनी चॅनेलला लिहून भंडावून सोडलं म्हणे. माईंनी हार का काढला? माईंना काय कळलंय? भाऊसाहेब जिवंत आहेत का? सी बिल्डिंगच्या त्या बाईपण जिन्यात मला विचारत होत्या, "खरं सांगा, येणारेत ना परत?" मी म्हटलं, आत झोपलेत.

५ मार्च, बुध.

निनाद स्वतः आला. चेहऱ्यावरूनच कळलं काहीतरी आहे.

भाऊसाहेबांना परत आणायचं ठरलंय. अपघातात वाहून गेलेले, कुठेतरी आश्रमात होते, स्मृती नाही वगैरे. फोटो ह्यांचा, म्हणून दुसरा नट चालणार नाही. महिन्यातून आठ-दहा दिवस मुंबईला. डॉक्टर तीन महिन्यांनी हो म्हणाले तर मे अखेरीपासून. राहायला सोय, मीही बरोबर.

हे भिंतीकडे बघत होते. मला तोंड दाखवेनात. मान मागून दिसत होती, ती लाल झालेली. तीस वर्षं विंगेतला माणूस.

मी म्हटलं, "एक अट. परत हार नाही. कधीच नाही."

निनाद चहाचा कप फिरवत बसला. लहानपणापासून खोटं बोलता येत नाही त्याला. म्हणाला, "काकू, तसं कुणी लिहून देणार नाही. पुढचं चॅनेल ठरवतं. आणि... परत आलेला माणूस मालिकेत फार दिवस राहत नाही."

"म्हणजे ह्या वेळेला समोर मारणार. फोटोत नाही."

"काकू, ते नाटकातलं असतं."

"फोटोही नाटकातलाच होता."

सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

६ मार्च, गुरु.

माईंचं काम करणाऱ्या बाईंचा फोन. "ताई, या. मी आहे ना." खूप वेळ बोललो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या पाठीबद्दल. फोन ठेवताना म्हणाल्या, "ते परत आले की मला कुंकू लावायला मिळेल सेटवर. एवढाच माझा स्वार्थ."

तेही खरंच.

७ मार्च, शुक्र.

ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. म्हणाले, "तू म्हणशील तसं. एकदा न विचारता केलं, पुरे झालं." नाही म्हटलं तर हे एक शब्द बोलणार नाहीत. पेपर वाचतील. तेच तर अवघड आहे.

मीनल म्हणते, जाऊ दे बाबांना. गुरुजींकडे गेले नाही. देवापुढे बसले, पण कौल मागायचं धाडस झालं नाही.

९ मार्च, रवि.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी ह्यांना कोपऱ्यापर्यंत चालायला पाठवलं. वीस मिनिटांनी बेल वाजली. किल्ली खिशात असून.

दार उघडलं. उंबऱ्याबाहेर हे उभे. शर्टाची वरची गुंडी लावलेली, केसांवरून हात फिरवलेला. आत येईनात. माझ्याकडे बघत राहिले, जसं काही फार वर्षांनी. ओठ जरासे हलले.

मग म्हणाले, "असा आलो तर?"

"चपला बाहेर काढा," म्हटलं मी.

"अगं, नीट सांग. बरं झालं का?"

"डोळे आधी खाली हवेत. मग वर."

कुठून बोलले कोण जाणे. त्यांनी मान हलवली, अगदी गंभीर. "बरोबर. परत करतो. दार लाव."

दार लावलं. बाहेर पावलं ऐकू आली, दोन पायऱ्या खाली उतरल्यासारखी. दम लागेल म्हणून ओरडणार होते, ओरडले नाही. हात कडीवर. हे बाहेर, मी आत, बेल कधी वाजते त्याची वाट बघत.